पद्मिनीचं बॉनेट उघडता उघडता पाहिलेलं कोकण

एप्रिलमध्ये मालवणला जायचं ठरलं, तेव्हा मी माझ्या गाडीची सर्व्हिसिंग करून ठेवली होती. मामांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "काचा लावून एसीत बसून घाट बघायचा, तर मग घरचा टीव्ही काय वाईट?" म्हणाले आणि त्यांच्या पद्मिनीवरचं कव्हर ओढून काढलं.

ही प्रीमियर पद्मिनी १९८४ ची. मुळात ही इटलीची फियाट ११००-डी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ च्या सुमारास बनू लागली. पुढे तिचं नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. तिच्या आधीची गुबगुबीत ती 'डुक्कर फियाट'. इटलीतल्या ११००-डीला १२२१ सीसीचं इंजिन होतं, आपल्या पेट्रोल पद्मिनीला १०८९ सीसीचंच राहिलं. चाळीसेक हॉर्सपॉवर, स्टेअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा पेपरात बातम्या आल्या. त्या दिवशी मामांनी गाडी धुतली, बाकी काही बोलले नाहीत.

डिकीत कपडे कमी, सामान जास्त. पॉइंटचा सेट, रोटर, कॉइल, फॅन बेल्ट, पेट्रोल पंपाचं किट, रेडिएटरचे होज, चार प्लग, फ्यूज, बाइंडिंग वायर, ब्रेक ऑइल, पाण्याचा कॅन, जुन्या धोतराची फडकी आणि दोन कंडेन्सर (प्लगच्या ठिणगीला जोर देणारा छोटासा भाग). त्यातला एक डब्यातला कोरा, दुसरा गाडीतूनच कधीतरी काढून ठेवलेला. जुना कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "तो चालतो हे मला माहीत आहे. नव्याचं ते दुकानदारालाही माहीत नसतं."

गुरुवार : पुणे ते पाचगणी

पहाटे निघालो. ऊन चढायच्या आत खंबाटकी ओलांडायचा बेत होता, तो जमला. तेव्हा साताऱ्याकडे जाताना घाट चढावाच लागत होता, बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांसाठी होता. पद्मिनी सेकंडमध्ये ट्रकांच्या मागे निमूट चढली. सुरूर फाट्याला वळून वाईत मिसळ खाल्ली, ढोल्या गणपतीला हात जोडले, कृष्णेच्या घाटावर जरा जास्तच रेंगाळलो आणि पसरणी घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं.

घाटात एका वळणावर ट्रक बंद पडलेला. अर्धा तास चाल-थांब, चाल-थांब. तो ओलांडून पुढे गेल्यावर खाली धोमचं पाणी दिसलं, म्हणून फोटोसाठी थांबलो. इंजिन बंद केलं. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर इंजिन फिरतंय, पण घेत नाही.

गरम इंजिन थांबून परत सुरू होत नाही, याची पेट्रोलच्या बाजूने दोन कारणं असतात आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. एक, कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीतलं पेट्रोल इंजिनाच्या धगीने उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या नळीत सांडतं. इंजिनात पेट्रोल जास्त होतं. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, म्हणजे हवा भरपूर जाते, आणि सेल्फ मारत राहायचा. चोकला (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणाऱ्या झडपेला) हात लावायचा नाही. दोन, पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी केलेला; वाफ नुसती दाबली जाते, पुढे सरकत नाही, आणि कार्बोरेटर कोरडा राहतो. आपले मेकॅनिक याला 'एअर धरला' म्हणतात. ओळखायचं वासावरून आणि प्लगवरून. पेट्रोलचा वास दणकून येत असेल, प्लग ओला असेल, तर पहिलं. वास नाही, प्लग कोरडा, तर दुसरं.

"वास येतोय?" मामांनी विचारलं.

"नाही."

"मग फडकी भिजव."

त्याआधी त्यांनी कार्बोरेटरला येणारा पाइप सोडवून रिकाम्या बाटलीत धरला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलची वायर आधी काढून ठेवली होती. उघडं पेट्रोल आणि ठिणगी एका बॉनेटखाली नको.) पंप चांगला असेल तर इंजिनाच्या फिरण्याबरोबर पेट्रोलच्या ठसठशीत पिचकाऱ्या येतात. आला तो फेस. मग पंपावर आणि पाइपावर ओली फडकी गुंडाळली, बॉनेट उघडं ठेवलं आणि आम्ही कठड्यावर बसून वाईची घरं मोजली.

एवढ्यात एक मोठी गाडी थांबली. काच खाली करून आतले गृहस्थ म्हणाले, "काका, कार्बोरेटर साफ करून घ्या, दुसरं काही नसतं." मामांनी हात वर करून आभार मानले. पाऊण तासाने गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, पण पाचगणीला पोहोचेपर्यंत मामा गप्पच होते. बाटलीतल्या पिचकाऱ्या त्यांना थंड झाल्यावरही पुरेशा जोरकस वाटल्या नव्हत्या.

शुक्रवार : महाबळेश्वरवरून चिपळूण

सकाळी निघण्यापूर्वी इंजिन थंड असताना रेडिएटरचं पाणी बघितलं. गरम असताना त्या झाकणाला हात लावायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी भाजतंच. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी चार-पाच अंश आधीच उकळतं. रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं म्हणूनच निभावतं, आणि त्या झाकणाचं रबर चिरलं तर बाकी सगळं ठीक असूनही गाडी उकळते. झाकण म्हणजे अगदी किरकोळ किमतीची वस्तू. लोक आधी रेडिएटर उतरवतात.

महाबळेश्वरात थांबलो नाही. स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आलेला आणि गर्दी भरात. सरळ आंबेनळी घाटाला लागलो. हा उतार पोलादपूरपर्यंत चाळीसेक किलोमीटर चालतो, आणि ड्रम ब्रेकच्या गाडीची खरी परीक्षा चढणीला नाही, इथे असते.

मामांचा नियम साधा आहे: ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची. सेकंड टाकला आणि इंजिनच गाडी धरून राहिलं. ब्रेक फक्त वळणाआधी, घट्ट आणि थोडा वेळ. पाय सतत टेकवून ठेवायचा नाही. ड्रम बंद डब्यासारखा, आतली धग बाहेर जायला वेळ लागतो. प्रतापगडाच्या फाट्याअलीकडे मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला, पण मामांनी त्यांना जागा दिली आणि वेग वाढवला नाही.

वाडा कुंभरोशीला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी मला पेडल दाबायला लावलं. ब्रेक तापून गेले की दोन प्रकारे जातात आणि पायाला ते वेगवेगळे कळतात. पेडल वरच, कडक, पण गाडी थांबत नाही, तर लायनिंग, म्हणजे ड्रमला आतून घासणारा थर, तापलंय; थांबून थंड होऊ दिलं की परत येतं. पेडल मऊ होऊन खाली जातं, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि जितकं पाणी जास्त तितकं ते लवकर उकळतं. म्हणून ते दिसायला स्वच्छ असलं तरी दोनेक वर्षांनी बदलायचं. आमचं पेडल जागच्या जागी होतं. शेजारी उभ्या एका गाडीच्या चाकांवर ड्रायव्हर बाटलीने गार पाणी ओतत होता. मामा उठून गेले आणि त्याला थांबवून आले. तापलेला ड्रम असा गार केला तर वाकडा होतो, तडकतोही.

पोलादपूरनंतर कशेडीचा बोगदा, खेड, परशुराम घाट. काहीच झालं नाही. चिपळूणला संध्याकाळी वाशिष्ठीच्या पुलावरून जाताना मामा चक्क शीळ घालत होते.

शनिवार : चिपळूण ते मालवण

हा दिवस कंडेन्सरचा.

आरवलीपर्यंत गाडी छान. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी पाय मोकळे केले. महामार्गाचं काम कुठे झालेलं, कुठे चाललेलं, मधेच डायव्हर्जनची धूळ. संगमेश्वर मागे टाकलं आणि चढाला गाडी मिसिंग करू लागली. सपाटीला ठीक, चढाला अडखळते, मधूनच सायलेन्सरमधून फटाका. हातखंब्याच्या अलीकडे एका गॅरेजसमोर आम्ही कडेला घेतली.

मेकॅनिक पोरगा तरुण, हाताला चलाख. आवाज ऐकल्या ऐकल्या म्हणाला, "कार्बोरेटर खोलायला लागेल. धुळीने जेट चोक झालाय."

"खोलू," मामा म्हणाले, "पण आधी करंट बघू."

मला वाटतं जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे एक वाक्य पुष्कळ पैसे वाचवतं. कार्बोरेटर डोळ्यांसमोर असतो, पितळेचे जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं असतात, उघडून फुंकर मारली की काम केल्यासारखं दिसतं. आणि एकदा का धावत्या इंजिनाचा कार्बोरेटर उघडला, वाटीतली पातळी राखणारा फ्लोट हलला, गॅस्केट फाटलं, की आता बिघाड दोन होतात आणि पहिला कोणता ते कळत नाही. इग्निशन तपासायला मात्र काहीच बिघडवावं लागत नाही. म्हणून क्रम तोच: आधी ठिणगी, मग पेट्रोल, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून (ठिणगी चारही प्लगना वाटून देणाऱ्या भागातून) काढली, इन्सुलेशनच्या पकडीने इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरली आणि सेल्फ मारला. ठिणगी निळी, जाड, टच्च आवाजाची हवी. आली ती पिवळट, बारीक, मधूनच गायब. म्हणजे प्लगपर्यंत जायच्या आधीच घोळ आहे. कार्बोरेटरचा संबंध नाही.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. पोराला मामांनी गाडीच्या सावलीत वाकून बघायला सांगितलं आणि मी सेल्फ मारला. पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी छोटी कळ, उघडताना तिथेच निळ्या-पांढऱ्या ठिणग्या फडफडत होत्या. हीच खूण. पॉइंट उघडला की कॉइलमधलं चुंबकक्षेत्र एकदम कोसळायला हवं. ते जितक्या झटक्यात कोसळेल तितकं प्लगला व्होल्टेज जास्त. कंडेन्सर त्या क्षणी कॉइलच्या प्राथमिक वेढ्यातला करंट स्वतःत घेतो, म्हणून पॉइंटवर ठिणगी पडत नाही. तो गेला की ठिणगी पॉइंटवरच खर्च होते आणि प्लगच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. चढाला सिलिंडरमधला दाब वाढतो, तिथे ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि तेवढं तर नाही. म्हणून सपाटीला ठीक आणि चढाला मिसिंग. इंजिन तापल्यावरच होतं कारण कंडेन्सरच्या आतलं इन्सुलेशन गरम झाल्यावर करंट गळू देतं. पेट्रोल कमी पडण्याची लक्षणंही हुबेहूब अशीच, त्यामुळे त्या पोराचा अंदाज काही वेडगळ नव्हता.

मामांनी डब्यातला नवा बसवला. ठिणगी सुधारली, पण दहा मिनिटं इंजिन चालू ठेवल्यावर पुन्हा पिवळी. मग जुना बसवला. निळी. कोऱ्या कंडेन्सरकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं ती मी आमच्या नात्यातल्या काही लग्नांत पाहिली आहे.

पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा पडला होता. तो पॉलिश पेपरने घासून सपाट केला, फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) गॅप अठरा थाऊ, म्हणजे इंचाचे अठरा हजारांश, साधारण ०.४५ मिलिमीटर लावला. प्लग काढले होतेच, तर त्यांचाही गॅप बघितला. त्यासाठी पोराकडे गेज नव्हता, हॅकसॉचं पातं होतं. ते साधारण ०.६ मिलिमीटर जाड असतं आणि पद्मिनीच्या प्लगला तेवढं चालतं. वायरी परत लावताना पोराने सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम विचारला. १-३-४-२. त्याने तो हातावर पेनाने लिहून घेतला. पैसे घ्यायला तयार नव्हता. मामांनी त्याच्या खिशात कोंबले.

पुढे लांजा, राजापूर, खारेपाटण, कणकवली, कसालला उजवीकडे वळून मालवण. रात्री सुरमई.

रविवार : मालवण

मी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसलो. मामा म्हणाले, "किल्ला साडेतीनशे वर्षं उभा आहे, अजून एक दिवस थांबेल. मी ऑइल बघतो." परत आलो तर ते अंगणात सतरंजी टाकून बसले होते आणि ऑइलची काडी त्यांनी माझ्या नाकाखाली धरली.

पेट्रोलचा वास. शिवाय पातळी वरच्या खुणेच्याही वर. ऑइल वापराने कमी होतं, वाढत नाही; वाढलं तर त्यात काहीतरी मिसळतंय. पाणी मिसळलं तर ते दुधाळ होतं आणि हेड गॅस्केटची (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलची) चिंता करावी. पेट्रोल मिसळलं तर पातळ होतं आणि वास येतो. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगाला बसवलेला, आतला दांडा त्याचा पडदा खालीवर करतो. पडदा फाटला की पेट्रोल थेट इंजिनात उतरतं, ऑइल पातळ होऊन बेअरिंगचं नुकसान करतं. पसरणी घाटातल्या फेसाळ पिचकाऱ्यांचं अर्धं उत्तर इथे होतं: उन्हाने वाफ केली हे खरं, पण पंपही आधीच अर्धमेला होता. किटमधला नवा पडदा बसवला, ऑइल पूर्ण बदललं. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या काळचं रबर फुगतं, मऊ पडतं, म्हणून होज आणि पडदा त्याला टिकणारेच घ्यावेत.

एवढं करून सेल्फ मारला तर तो आजारी माणसासारखा कण्हला. बॅटरी? दिवे लख्ख होते. मामांनी पुन्हा सेल्फ मारायला लावला आणि स्वतः चोकच्या केबलला बोट लावलं. लगेच काढलं. केबल तापली होती.

हा बिघाड मला फार आवडतो, कारण लक्षण एका टोकाला आणि कारण दुसऱ्याच टोकाला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने बॉडीपासून तुटलेलं. दोघांना जोडते ती तांब्याची विणलेली अर्थिंगची पट्टी. ती गंजली की सेल्फचा प्रचंड करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनाला बॉडीशी जोडणारं दुसरं लोखंड म्हणजे चोकची बारीक केबल. ती बिचारी तापते, कधी धूर सोडते. लोक बॅटरी बदलतात, सेल्फ उतरवून आतलं आर्मेचर (तारांचं गुंडाळं) भरून आणतात. तपासायला एक जंपर केबल पुरते: एक टोक इंजिनाला, एक बॉडीला. आम्ही लावली आणि सेल्फ गरगर फिरला. पट्टी काढून टोकं पांढरी होईपर्यंत घासली, बॉडीवरचा गंज आणि रंग खरवडला, घट्ट बोल्ट करून वर ग्रीस चोपडलं. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी हे दर पावसाळ्यानंतर करावं.

संध्याकाळी सोलकढी पिताना मामांनी किल्ल्याबद्दल विचारलं. मी सांगत होतो, ते बोटांच्या पेरांतलं काळं काढत होते.

सोमवार : फोंडा घाटाने कोल्हापूर

घाट सुंदर, सावली भरपूर, तापमानाचा काटा मध्यावर. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून बघितला, अर्ध्या इंचाच्या आसपास दबला, ठीक. दाजीपूरच्या जंगलातून बाहेर पडताना सेकंडमधून थर्डला टाकायला गेलो (हो, मला चालवायला मिळाली होती) आणि दांडा मधेच अडकला. ना पुढे ना मागे.

स्टेअरिंगवरचा गिअर म्हणजे लांबलचक सळ्या आणि त्यांच्या सांध्यांतले बुश, म्हणजे छोट्या कड्या. बुश झिजले की सळ्यांच्या टोकाचे दोन लिव्हर एका रेषेत येत नाहीत आणि दांडा दोन्हींच्या मधे अडकतो. गिअरबॉक्सला काही झालेलं नसतं. इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून, बॉनेट उघडून मामांनी दोन्ही लिव्हर हाताने न्यूट्रलला ढकलले. मग दांडा सुटला. टॅक्सीवाले हे सिग्नलवर करायचे म्हणे.

कोल्हापुरात तो बुश मिळेल की नाही याची मला काळजी होती, मामांना नव्हती. उद्यमनगरात गेलो. तिथे विकत मिळत नाही ते करून मिळतं. एका लेथवाल्याने जुना बुश कॅलिपरने मोजला, गनमेटलचा तुकडा लावला आणि आमचा चहा संपायच्या आत नवा बुश हातात ठेवला, अजून गरम. बसवल्यावर दांडा लोण्यातून फिरावा तसा नाही, पण जागेवर पडू लागला. शेजारच्याने विचारलं, "कार्बोरेटर सर्व्हिसिंग करून टाकू का?" मामा हसले नुसते.

मंगळवार : कोल्हापूर ते पुणे

हायवे, कंटाळवाणा. कराडला जेवण, या वेळी खंबाटकीचा बोगदा.

साठच्या वर मागून एक घूंऽऽ येत होती ती मी सकाळपासून ऐकत होतो. शिरवळजवळ मामांना सांगितलं. त्यांनी ॲक्सिलरेटर सोडायला लावला: आवाज बदलला. पुन्हा दाबला: परत आला. रिकाम्या पट्ट्यात गाडी हलकेच डावी-उजवी करून बघितली: काही फरक नाही. चाकाचं बेअरिंग असतं तर आवाज ॲक्सिलरेटरला नाही, वजन एका बाजूला गेल्यावर बदलला असता. हा डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणाऱ्या पेटीचा, तिच्यातल्या क्राउन आणि पिनियन या चक्रांच्या दात्यांचा.

"मग आता उतरवायला लागेल ना?" मी विचारलं.

"अरे, तो तुझ्या मुंजीपासून येतोय. आत ऑइल आहे, दात शाबूत आहेत. आवाज वाढला तर सांग." मग त्यांनी काच थोडी वर घेतली आणि वाऱ्यात तो मला ऐकू येईनासा झाला.